आधी सुनेचं बोट

लेकानं आनुवंशिक आजार तपासणारं, खिशात मावेल असं स्वस्त यंत्र बनवलं, तेव्हापासून आईचे पाय जमिनीला लागेनात. "त्याच्यापुढे मोठ्या लॅबनीही झक मारली! माझ्या पोराचं यंत्र सांगेल ती काळ्या दगडावरची रेघ," असं ती येईल त्याला ऐकवायची.

त्याच यंत्रावर नातवाच्या रक्तात दोष निघाला, तेव्हा तिनंच फर्मान सोडलं, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. आधी सुनेचं बोट टोच!"

सुनेच्या रक्तात काहीच निघालं नाही. मग लेकानं स्वतःचं बोट टोचलं. यंत्रावर लाल दिवा लागला. त्यानं नवी सुई काढली आणि आईपुढे हात केला.

आईनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "स्वस्तातली वस्तू ती! तिचं काय एवढं मनावर घ्यायचं?"