जादा तासाची यादी

बाईंनी बेरीज तिसऱ्यांदा केली. पस्तीसच. म्हणजे शिवणवालीची थोरली काठावर पास.

गणिताच्या या बाई शाळेत खडूस म्हणून प्रसिद्ध होत्या. एका मार्कासाठी त्यांनी मुख्याध्यापकांच्या पुतण्याला नापास केलं होतं. पण नापास मुलांसाठी सकाळी सातचा जादा तास त्या स्वतः घेत, तोही फुकट. त्या तासाला कोपऱ्यावरचा बेकरीवाला दूध आणि ब्रेड पाठवायचा. यादीत नाव असेल त्यालाच, आणि यादीत फक्त नापास मुलं.

मागच्या परीक्षेपर्यंत ही पोरगी त्याच तासाला येत होती. एकोणीसवरून थेट बहात्तरवर गेली. शिकवण्याची हातोटी म्हणतात ती हीच, असं बाईंनी शिक्षकांच्या खोलीत दोनदा तरी ऐकवलं. मग नियमाप्रमाणे तिचं नाव यादीतून काढलं. आणि आता हे पस्तीस.

त्यांनी तिला टेबलापाशी बोलावलं.

"सतरा चोक?"

"अडुसष्ट."

"मग इथे एकोणसत्तर का लिहिलंस?"

बाईंचं बोट पेपरावरून खाली सरकलं. पुढचं उत्तर एकाने जास्त. त्याच्या पुढचं एकाने जास्त. वीसपैकी तेरा गणितं अशीच. ढ पोराला इतक्या शिस्तीत चुकता येत नाही, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

"मुद्दाम केलंस?"

"हो बाई."

"अगं, पण का?"

"आई शिवलेले कपडे पोचवून येते, मग आमची चूल पेटते. तोवर दुपार होते. उपाशीपोटी तुम्ही शिकवलेलं काही शिरत नाही." तिने मान खाली घातली. "पेपरात सगळं आधीचंच होतं, ते अजून येतंय. नवीन एकही गणित येत नाही."

बाईंना लाज वाटली. पोरीची नाही, स्वतःची. बहात्तर मार्कांचं श्रेय घेताना दुधाचा पेला त्यांच्या डोक्यातही आला नव्हता. बेकरीवाल्याला तर तो हिशेबात धरायचंही सुचलं नसेल.

"बाई," पोरीने भीतभीतच विचारलं, "पस्तीस म्हणजे नापासच ना?"

एवढी एकच गोष्ट तिला खरोखर आली नव्हती.

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. उरलेल्या सात बरोबर उत्तरांतलं एक शोधलं आणि त्यावर फुली मारली.