पाण्याच्या वर एक वीत

अभनपूरहून आलेल्या बायांचे विळे सपासप चालले होते. धान कापून सरावलेले हात ते. तलावातलं बोरूचं उंच, पोकळ गवतही बुडापासूनच कापत होते, पाण्याखाली विळा घालून. काठावर उभा असलेला मुकादम अच्युत खुशीत होता. अकरा वाजता पालिकेचे साहेब तलाव बघायला येणार होते, आणि पाणी कसं मोकळं दिसलं पाहिजे, हे त्यांनी काल दोनदा बजावलं होतं.

तेवढ्यात काठावरच्या वस्तीतल्या कांताबाई पदर खोचून थेट पाण्यात उतरल्या. सत्तरीची बाई, पण चाल अशी की आधाराला हात पुढे करायची कुणाची छाती होऊ नये. पाच वर्षांपूर्वी नाल्यातून बोरूचे कोंब आणून त्यांनीच इथे लावले होते. त्या पहिल्या विळ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

झालं, आता म्हातारी कापू देत नाही, असं अच्युतला वाटलं. तो हिंदीत समजूत घालू लागला. घरी आईबाबा मराठीच बोलत, त्याला समजायचंही सगळं, पण हिंदी मुलखात वाढल्याने तोंडातून यायची हिंदीच.

कांताबाईंची कापायला ना नव्हतीच. दर हिवाळ्यात कापलाच पाहिजे, त्या म्हणाल्या. वस्तीच्या सांडपाण्यातला सगळा कस पिऊन बोरू वाढतो. कापून बाहेर नेला की तो कस त्याच्यासोबत जातो; इथंच कुजला तर पुन्हा पाण्यात.

"पण पाण्याखाली काहून कापून राहिले?"

साहेबांना पाणी मोकळं हवंय, असं अच्युतने सांगितलं. कांताबाईंनी पलीकडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथलं पाणी हिरवंगार, दाट होतं. इकडे काठाशी तळाचे खडे मोजता आले असते.

"तिथंबी होता बोरू. पहिल्या साली मीच कापला, ज्वारीसारखा, बुडापासून. पुन्हा फुटलाच नाही."

हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा खाली गेला नाही. आपली चूक अशी चारचौघांत सांगायला मोठं मन लागतं, आणि ते त्यांच्याकडे होतं.

त्यांनी बोरूचा एक पोकळ तुकडा कापला, एक टोक पाण्यात बुडवलं आणि दुसरं अच्युतपुढे धरलं. फुंक, म्हणाल्या. त्याने फुंकलं. पाण्यातून बुडबुडे आले.

"याच्यातूनच मुळाले हवा जाते. पाण्याच्या वर एक वीत ठेव, बस. तुहं नाक बुडवून ठेवलं तं तू जगशील का?"

अच्युतला नोकरी लागून तीनच महिने झाले होते. तरी त्याने तुकडा खिशात घातला, बूट काढले, पँट दुमडली आणि पाण्यात उतरून बोरूच्या पहिल्या ताटाला वीत लावून दाखवली. बाया हसल्या. पण विळे वर आले. तोवर बुडापासून कापलेली दहा-बारा हातांची पट्टी तेवढी हातची गेली होती.

अकराला साहेब आले. तलावभर वीतवीत खुंट उभे होते, दोन दिवस दाढी न केलेल्या हनुवटीसारखे. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे अर्धवट काम कुणाच्या सांगण्यावरून, असं त्यांनी विचारलं.

कांताबाई पुढे झाल्या. पण त्यांच्याआधी अच्युत सरसावला, ओल्या पँटीनेच. त्याने खिशातून तो तुकडा काढला आणि साहेबांच्या हातात दिला.

"सर, पहले इसे पानी में डुबाकर फूँकिए."