बसलेला घसा

"घसा पार बसलाय हो, यंदा नववर्षाला चर्चमध्ये गाता येणार नाही," आर्लिसने फोनवर घोगऱ्या आवाजात सांगितलं, तर पाद्रीबाबाच खोकत म्हणाले, "मीही अंथरुणातच आहे गं." तिला मेलं अपराधी वाटलं, पण मिनेसोटातला बर्फ उपसण्यापेक्षा ते परवडलं.

दोन दिवसांनी ती नवऱ्याबरोबर दूर दक्षिणेला, अलाबामाच्या समुद्रावर होती. हंगाम नसल्याने सगळं बंद. कोळंबी तळणारा एकटा टपरीवाला कानटोपीतून बघत राहिला, कारण ही बाई त्या गार पाण्यात गुडघाभर उभी राहून नाताळचं गाणं म्हणत होती, तेही खड्या आवाजात!

"अगं हळू, कुणी ऐकेल," नवरा हसत म्हणाला.

"आत्ता इथे कोण येतंय तडमडायला!"

तेवढ्यात मागच्या छत्रीखालून कुणीतरी खालचा सूर धरला. मार्डेल! चर्चमध्ये हिच्याच शेजारी उभी राहून गाणारी, कंबर धरली म्हणून घरी झोपलेली. पलीकडे वाळूत लोळणाऱ्या, चर्चमध्येच गाणाऱ्या ओर्विलनेही आवाज लावला. त्याला म्हणे न्यूमोनिया होता. तिघं हसून हसून वाकली.

 

लाटेतून एक टक्कल वर आलं. "मी अंथरुणातच आहे हं," पाद्रीबाबा म्हणाले, "चला, दुसरं कडवं घ्या!"