गाडा आणि छकडी

"ह्यो नवा गाडा घेतला तर शर्यतीची छकडी न्हाय," लालासाब मेस्त्री म्हणाला. "छकडी पायजे आसली, तर मग त्यो पलीकडचा जुना गाडा घ्या. त्यो आन छकडी, दोन्ही बसत्यात तुमच्या पैशात. बगा आता, आकारामदा."

आकारामनं नव्या गाड्याच्या चाकावर थाप मारली. बाभळीचं लाकूड होतं, वर लोखंडी धाव नुकतीच चढवलेली. कोल्हापूरच्या गंगावेशीत लालासाबसारखं भरीव काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. गुळाच्या ढेपांनी भरून उचगावापासून शाहूपुरीच्या पेठेपर्यंत नेला, तरी हा गाडा कुरकुरला नसता. जुन्या गाड्याच्या चाकाला दोन आरे नवे घातले होते. काळ्या चाकात ते पांढरेफटक दिसत होते. असला गाडा ऐन हंगामात ओढ्यात बसला, तर गूळही गेला आणि वर्षही गेलं.

घरातनं निघतानाच त्यानं मनाशी ठरवलं होतं. गाडा घ्यायचा, आणि शर्यतीची दोन्ही खोंडं दिवाळीच्या आत विकून टाकायची. ती खोंडं पिराजीनं आपल्या ताटातली भाकरी चारून वाढवली होती. पिराजी त्याचा आणि बायको बनाबाईचा एकुलता एक पोरगा. भाद्रपदात गावात गाठीची, प्लेगची साथ आली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून बनाबाई कामाला उठत होती, कामं करत होती, पण बोलत नव्हती. आज मात्र ती म्हणाली होती, "मीबी येती." आणि त्याच्यामागनं चालत कोल्हापूरपर्यंत आली होती.

"गाडाच घिऊया," आकाराम म्हणाला. "हंगाम तोंडावर आलाय."

"घ्या की," बनाबाई म्हणाली. "तुमच्यागतच हाय त्यो. वझं घातलं की मुकाट वडायचं, आन चढ आला की कण्हायचं."

लालासाब हसला. आकारामलाही हसू आलं, पण ते ओठापर्यंत येऊन थांबलं. दोन महिन्यांत ती एका दमात एवढं बोलली नव्हती.

बनाबाई मांडवाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथं छकडी एका चाकावर आडवी उभी करून भिंतीला टेकवून ठेवली होती. दोन हलकी चाकं, आस आणि दांडी, एवढंच तयार होतं. हाकणाऱ्यानं उभं राहायचा साटा अजून व्हायचा होता.

"हीच का वो मेस्त्री, त्यो म्हणायचा ती?"

"व्हय, वैनी. हीच चाकं. दर बाजाराला यायचा आन फिरवून बगायचा. म्हणायचा, लालासाबमामा, दुसऱ्या कुणाला दिऊ नका."

तिनं वरच्या चाकाला बोटानं ढकललं. चाक फिरायला लागलं. आवाज नाही की काही नाही. ती ते थांबेपर्यंत बघत राहिली. थांबल्यावर तिनं पुन्हा ढकललं.

आकाराम तिच्याजवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "खोंडांचं गिऱ्हाईक यायचं हाय की उद्या. शबूद दिलाय मी."

"त्येला सांगा, न्हाय इकायची."

"अगं, वझ्याला धरली की बसकण मारत्यात ती. नुसती बसून खात्यात."

"मीबी बसूनच खातीया." तिनं त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. "मलाबी इका."

लालासाबनं रंधा उचलला आणि नको तिथं दोन हात फिरवले.

आकाराम परत जुन्या गाड्याजवळ आला. वाकून त्यानं ते दोन पांढरे आरे हलवून बघितले. घट्ट होते. पण घट्ट म्हणजे किती दिवस, हे कोण सांगणार? त्यानं नव्या गाड्याकडे बघितलं. मग चाक फिरवणाऱ्या बायकोच्या पाठीकडे बघितलं. साथीनंतर तिनं भाकरीसुद्धा मागून घेतली नव्हती.

"मेस्त्री," तो म्हणाला, "ह्यो जुनाच द्या. आन छकडी."

"इचार करा, आकारामदा. ह्यो जुना एखादा हंगाम काढंल, म्होरलं मी सांगत न्हाय."

"छकडी कवा हुईल?"

"आठवड्यात करतो की," म्हणत लालासाबनं खुंटीवरची सुतळी काढली. हाकणाऱ्याच्या उंचीवर साटा बेतायचा, ही त्याची जुनी रीत. उंच माणूस आखूड साट्यात उभा राहिला की वळणावर तोंडघशी पडतो, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. सुतळी उलगडता उलगडता नेहमीचा प्रश्न त्याच्या तोंडून निघून गेला.

"हाकणार कोण? माप घ्याय लागंल."

बोलला आणि त्यानं जीभ चावली. सुतळी हातातच राहिली.

चाक थांबलं होतं. बनाबाई वळली. ती लालासाबकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती.

आकारामनं खाली बघितलं. मग हळूच उजवा हात वर केला, आपल्या पटक्याच्या जरा वर नेला आणि तळवा आडवा धरला.

लालासाबनं पुढे येऊन सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं.

"आनी वाईच वर धरा की," बनाबाई म्हणाली. "श्रावणापास्नं दाराच्या चौकटीला डोस्कं लागाय लागलं हुतं त्येचं."

आकारामनं हात वर घेतला. लालासाबनं सुतळी ताणली आणि त्या हाताखाली गाठ मारली.