दारातल्या लाद्या

आत्या निघाली, म्हणजे "येते हं" म्हणून चंद्रावरच्या त्या घराच्या दोन दारांमधल्या खोलीत आईशी गप्पा मारत उभी राहिली. शर्वाणीने कपाळाला हात लावला. तिथल्या लाद्यांचे मातीचे थर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवत. थर भरले की शर्वाणीनेच त्या भट्टीत भाजायच्या आणि पाण्यात बुडवायच्या, मग थर पुन्हा होते तसे जुळत. तिघींना लाद्या दहा मिनिटं पुरायच्या. आत्याला नुसत्या लोणच्याला वीस लागत.

लाल दिवा लागला.

"आत्या, लाद्या भरल्या. निघ ना आता."

"निघतेच गं. तेवढं मोहरीचं सांगते वहिनीला."

"फोनवर सांग."

"पलीकडच्या खाणीत फोन लागत नाही, बाळा. आणि आता तीन वर्षं मी तिथेच."

आईने मान खाली घातली. शर्वाणीला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ती तणतणत आत गेली, स्वतःच्या खोलीतल्या ताज्या लाद्या उपसून आणल्या आणि दारात बसवल्या. आज तिला आईच्या कुशीत घुसून झोपावं लागणार होतं.

"दहा मिनिटं मिळाली," ती म्हणाली. "मोहरी किती घालायची, नीट सांग."