लदिनीतलं गाव

क्रुसापुढे मेणबत्त्या लागल्या, चटया भरल्या, तरी सेराफिनाच्या तोंडून ते वाक्य काही बाहेर पडेना.

निम्मं गोराई जमलं होतं. गावातलं कुणी बोटीनं परदेशी निघालं, की त्याच्या नावानं क्रुसापुढे प्रार्थना म्हणायची, लदीन म्हणायची, ही तिथली रीत. आजवर बोटीवर गेले ते सगळे खलाशी, नाहीतर आचारी. कॉलेजात शिकायला निघालेला सेराफिनाचा जॉनी हा पहिलाच. त्यामुळे बायकांनी लुगडीसुद्धा पेटीतली काढली होती.

आणि जॉनी चालला होता अंधेरीला. होडीनं खाडी ओलांडायची, बोरिवलीला गाडी धरायची, आणि संध्याकाळी जेवायला घरी.

हे ठाऊक होतं तिघांनाच. जॉनीला, त्याच्या बापाला आणि सेराफिनाला. चूक तिचीच होती. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तेरेसाच्या लग्नात चार बायकांपुढे ती बोलून गेली होती, "जॉनीच्या त्या पाचगणीच्या शाळेतली पोरं कॉलेजला सरळ विलायतेला जातात." तसं ते खोटंही नव्हतं. महिन्यापूर्वीच शाळेचं छापील पत्र आलं होतं. वर्गातल्या अठरा मुलांची नावं आणि पुढे कोण कुठल्या कॉलेजात. संस्थानिकांची मुलं, गिरणीवाल्यांची मुलं. कुणी केंब्रिज, कुणी लंडन. पाद्रीबाबांच्या शब्दावर फुकट शिकलेला जॉनी अगदी तळाला, आणि त्याच्या नावापुढे अंधेरी.

गाव जॉनीची बोट धरूनच चाललं होतं, आणि महिनाभर ती आज सांगते, उद्या सांगते करत राहिली. तेवढ्यात उर्सुलामावशीनं जॉनीसाठी मसाला कांडायला घेतला, आणि सेराफिनाची वाचाच बसली. मसाल्याची बाटली आता क्रुसाच्या पायरीवर उभी होती. समुद्रावर वास उडू नये म्हणून तिच्या बुचावर मेण ओतलेलं. शेजारी सुक्या बोंबलांचं पुडकं.

लदीन सांगायची उर्सुलामावशीच. सत्तरी उलटली होती, पण तिनं सूर लावला की पाद्रीबाबासुद्धा मागे मागे म्हणत. तिनं डोक्यावरून पदर घेतला.

"सेराफिना, गावाचं नाव सांग गो. नाव घेतल्याबिगर सुरू करता येत नाय."

माणूस ज्या गावाला चालला त्याचं नाव लदिनीत घ्यायचं, म्हणजे देवाला माणूस शोधत बसावं लागत नाही. आणि ते सांगायचं आईनं. सेराफिनानं नवऱ्याकडे पाहिलं. भर वादळात होडी काढणारा बॅप्टिस्ट आपल्या पायाची बोटं न्याहाळत होता.

"लंडन घ्या, लंडन!" मागून कुणीतरी सुचवलं.

घ्यायला काय जात होतं! पण क्रुसापुढे खोटं कसं बोलायचं? तिला लाज वाटत होती. आणि आपल्याला आपल्याच पोराची लाज वाटतेय, याची त्याहून जास्त.

"अंधेरी," ती म्हणाली.

मावशीनं कानावरचा पदर मागे सारला. "कुठं?"

"अंधेरीच्या कॉलेजात जातोय तो. विलायतेला नाही. मला कधीच सांगायला हवं होतं."

मग चटयांवर खसखस पिकली.

"आरं, मी रोज बोरिवलीच्या बाजाराला जातो," बॅप्टिस्टचा भाऊ अर्बन ओरडला, "माझी पण म्हणा लदीन!"

सेराफिनाला क्रुसाची पायरी दुभंगून आपल्याला आत घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात जॉनी उठून उभा राहिला. पाचगणीला राहून त्याची मराठी शब्द शोधत शोधत चालायची.

"मावशी, मी दहा वर्षांचा होतो तेव्हा पाचगणीला गेलो. तेव्हा लदीन म्हटली होती?"

"नाय. तवा कुठं बोट व्हती?"

"बोट नव्हती. पण माझी विलायत तीच होती. आठ वर्षं. तिकडं झोपताना आईचा आवाज आठवायचा प्रयत्न करायचो. कधी कधी यायचा नाही. आता रोज अंधेरीला जाणार, रोज घरी येणार."

हसणं विरलं. अर्बन टोपी काढून खाली बसला. सेराफिना पोराकडे बघतच राहिली. सुट्टीत घरी आला की तो गप्प असायचा, तेव्हा तिला वाटायचं, शिकलेली माणसं अशीच असतात.

उर्सुलामावशीनं बराच विचार केला. मेणबत्तीचा एक थेंब ओघळून पायरीवर पडला, तो तिनं नखानं खरवडला.

"मंग ही जाणाऱ्याची लदीन नाय," ती म्हणाली. "आलेल्याची हाय. नाव सांग गो, सेराफिना. कुठल्या गावाचं घेऊ?"

"गोराई," सेराफिना म्हणाली. या वेळी एवढ्या मोठ्यानं, की पार होडीपाशी ऐकू जावं.

मावशीनं सूर लावला. सेराफिनानं मसाल्याची बाटली मांडीवर घेतली आणि बुचावरचं मेण सोलायला लागली. आता बाटली कुठे समुद्र ओलांडणार होती! बूच निघालं आणि ताज्या मिरचीचा झणका पहिल्या रांगेत पसरला. मावशी ओळ अर्धी टाकून सटासट शिंकायला लागली. लदीन अडली. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

तेव्हा जॉनीनं पुढची ओळ उचलली. हातात पुस्तक नव्हतं. आठ वर्षांत तो त्यातला एक शब्दही विसरला नव्हता.