बंद करायचं बटण

दृष्टी गेलेल्या वडिलांना पुन्हा लिहिता यावं म्हणून तिने संगणकावर टाइप केलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा भाग बनवला होता. पुढे धाकट्या भावाने हिशेबाचे, चित्रांचे भाग जोडले आणि दोघांचं ॲप उभं राहिलं. “ताई, प्रत्येक भागाला सेटिंगचं वेगळं पॅनेल दे ना, ज्याला जे नको ते बंद करता येईल,” तो लाडीगोडीने म्हणाला. तिने जीव ओतून पॅनेलं बसवली. आज ॲप विकत घ्यायला आलेल्या मंडळींसमोर त्याने तिच्याच भागाचं पॅनेल उघडलं. “हे वाचन म्हणजे निव्वळ लोढणं. बघा, एका क्लिकमध्ये गेलं!” पाहुणे खूश झाले. ते गेल्यावर तिने विचारलं, “बाबांचं वाचन काढायचंच होतं, तर बटण माझ्याकडूनच का करून घेतलंस?” तो लॅपटॉप मिटत म्हणाला, “तुझ्याइतकं बिनचूक दुसऱ्या कुणाला जमलं असतं?”